रिंगरोड, रिंगण आणि गावकूस

आमच्या घरी वर्तमानपत्र येत नाही. रनाळ्याला बसथांब्याजवळच्या चहाच्या टपरीवर येते, आणि दुसऱ्या दिवशी ते शिळे झाले की टपरीवाले काका माझ्यासाठी बाजूला काढून ठेवतात. संध्याकाळी मी ते वडिलांना मोठ्याने वाचून दाखवते. वडील सालदार आहेत. त्यांना सहीपुरतीच अक्षरओळख आहे. पण राजकारणाची गोडी आमच्या राज्यशास्त्राच्या वर्गातील पुष्कळांपेक्षा अधिक. एकदा अशाच एका बातमीत 'राजकीय वर्तुळात खळबळ' असे शब्द आले. वडिलांनी मला थांबवले आणि विचारले, "बेटा, हाई राजकीय वर्तुळ कठे शे?"

मी हसले व म्हणाले, "मुंबईत." त्यावर त्यांनी पुन्हा विचारले, "मुंबईमा कठे?"

याचे उत्तर मला देता आले नाही. पुढे वर्गात सरांनी अमेरिकेच्या राजधानीभोवतीच्या रिंगरोडची गोष्ट सांगितली आणि त्या रस्त्याचे नाव तिकडे राजकारणातली शिवी कसे झाले तेही सांगितले, तेव्हा वडिलांचा प्रश्न एकदम आठवला. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा माझा प्रयत्न आहे. सुज्ञ वाचकांनी व गुरुजनांनी तो गोड मानून घ्यावा.

प्रथम रस्त्याविषयी. रिंगरोड हा शब्द आता मराठीच झाला आहे. सरकारी कागदात 'वर्तुळाकार मार्ग' असे लिहितात. 'बाह्यवळण' हा त्याचा धाकटा भाऊ. बाह्यवळण म्हणजे कमान, रिंगरोड म्हणजे पूर्ण बांगडी, एवढाच फरक. समजा, सुरतेहून मिरचीची पोती आणायला मालट्रक धुळ्याच्या पुढे निघाला आहे. त्याला वाटेतल्या शहरात काही काम नाही. पण रस्ता शहराच्या पोटातून जात असेल तर तो बाजारात अडकतो, स्वतः तापतो आणि बाजारालाही तापवतो. म्हणून त्याला बाहेरूनच वळवायचे. बैलगाडीचे चाक डोळ्यांपुढे आणावे. मधला तुंबा म्हणजे जुने शहर, आरे म्हणजे शहरात येणारे रस्ते आणि लोखंडी धाव म्हणजे रिंगरोड. धाव नसेल तर एका आऱ्यावरून दुसऱ्या आऱ्यावर जायला प्रत्येक वेळी तुंब्यातूनच जावे लागते.

कल्पना इतकी सोपी आहे. परंतु जो रस्ता गर्दी बाहेर काढण्यासाठी बांधतात, तोच काही वर्षांत गर्दी ओढून घेतो. त्याच्या कडेला आधी पेट्रोल पंप येतो, मग गोदामे येतात, मग शेते बिनशेती होऊन त्यांवर फलक लागतात. शहर रस्ता ओलांडून पलीकडे जाते आणि मग त्याच्याही बाहेर दुसरा रिंगरोड आखावा लागतो. दिल्लीला रिंगरोड आहे आणि त्याच्या बाहेर 'आउटर रिंगरोड' आहे. हैदराबादचा बाहेरचा रिंगरोड 158 किलोमीटरचा आहे. चीनच्या राजधानीत तर वर्तुळांना क्रमांकच दिले आहेत: दुसरे, तिसरे, असे सहाव्यापर्यंत.

आपल्या पुण्याभोवती सुमारे 170 किलोमीटरचा रिंगरोड आखला आहे. त्याची रुंदी 110 मीटर धरली आहे. मी गणितात कच्ची आहे, तरी हा हिशेब करून पाहिला. 110 मीटर रुंदीच्या रस्त्याला दर किलोमीटरमागे 11 हेक्टर, म्हणजे सुमारे 27 एकर जमीन लागते. ही जमीन कोणाची? मावळ, मुळशी, हवेली, खेड, पुरंदर, भोर येथील शेतकऱ्यांची. आतल्यांची कोंडी फुटावी म्हणून बाहेरच्याची काळी जाते. त्यातले काही मोबदल्याने सुखी होतात, नाही असे नाही. पण वर्तुळ कोठून काढायचे हे ज्याच्या हाती कर्कटक आहे तोच ठरवतो; आणि कर्कटकाचे टोक नेहमी शहरात रोवलेले असते.

आता थोडा इतिहास. मला ग्रंथालयात वाचताना सर्वांत नवल वाटले ते याचे, की जगातले अनेक नामांकित रिंगरोड पूर्वी जेथे तट होते तेथेच आहेत. व्हिएन्ना शहराभोवती मोठा तट होता. सम्राट फ्रान्झ जोसेफ याने 1857 साली तो पाडण्याची आज्ञा दिली आणि त्या जागी एक रुंद, झाडांनी वेढलेला वर्तुळमार्ग केला. 1865 मध्ये तो खुला झाला. त्या रस्त्यावर संसद, नगरभवन, विद्यापीठ, संगीतनाट्यगृह अशा भव्य इमारती उभ्या राहिल्या. पॅरिसच्या तटाचेही असेच झाले. 1840 च्या दशकात बांधलेला तट पहिल्या महायुद्धानंतर पाडला आणि पुढे त्याच पट्ट्यातून 35 किलोमीटरचा वर्तुळमार्ग काढला, तो 1973 साली पूर्ण झाला. त्याच्या आतले ते खरे पॅरिस आणि बाहेरची ती उपनगरे, ही समजूत तेथे आजही पक्की आहे. मॉस्कोच्या वर्तुळमार्गाविषयी तेथील लोक एकमेकांना गमतीने विचारतात, की त्या रस्त्याच्या पलीकडे जीवसृष्टी आहे काय! आमच्या धडगावच्या मैत्रिणीला मी हा विनोद सांगितला. ती हसली नाही.

तट पाडला तरी रेघ राहते. तटाला निदान दरवाजे तरी असत आणि ते रात्री बंद झालेले दिसत. रस्ता कोणालाच अडवत नाही. तो फक्त आतले व बाहेरचे असे दोन भाग करून ठेवतो.

वॉशिंग्टनभोवतीचा रस्ता 1964 मध्ये पूर्ण झाला. मेरीलँड आणि व्हर्जिनिया या राज्यांतून जाणारा हा सुमारे 103 किलोमीटरचा रस्ता आहे. बेल्ट म्हणजे कमरपट्टा. म्हणून त्याला 'बेल्टवे' म्हणतात. त्याच्या आत अमेरिकेची संसद, अध्यक्षांचे निवासस्थान, मोठमोठी खाती, वकील, दलाल आणि वार्ताहर असे सगळे आले. साधारण 1980 च्या दशकापासून 'बेल्टवेच्या आतले' हा शब्दप्रयोग तिकडे रूढ झाला. त्याचा अर्थ असा, की अमुक गोष्ट आतल्या लोकांना फार महत्त्वाची वाटते, पण बाहेरच्या सामान्य माणसाला तिचे काहीच नाही. कोणत्या सचिवाचे कोणाशी पटत नाही, कोणाला कोणत्या समितीवरून काढले, यावर आत रात्ररात्र चर्चा होते आणि बाहेरचा शेतकरी म्हणतो, माझ्या गव्हाच्या भावाचे काय? त्या रस्त्याच्या कडेला कचेऱ्या थाटून सरकारी कंत्राटे मिळवणाऱ्या सल्लागार कंपन्यांना तर 'बेल्टवेचे दरोडेखोर' असे नाव पडले.

यातली एक मौज सरांनी मुद्दाम सांगितली. त्या देशात अध्यक्षपदाला उभे राहणारा माणूस 'मी बाहेरचा आहे' असे अभिमानाने सांगतो. 1976 मध्ये जॉर्जिया राज्यातील भुईमुगाचे शेतकरी व माजी गव्हर्नर जिमी कार्टर हे असेच सांगून निवडून आले. 1980 मध्ये रोनाल्ड रेगन यांनी तेच सांगून कार्टर यांना हरवले. कारण चार वर्षांत कार्टर आतले झाले होते. बाहेरचा म्हणून आत जायचे आणि आत गेले की बाहेरचे राहायचे नाही, असा हा खेळ आहे. आमच्या गावच्या निवडणुकीतही तो चालतो, मग अमेरिकेला नावे का ठेवावीत?

दिल्लीत मात्र रिंगरोडचे नाव असे वापरले जात नाही. तेथे 'लुटियन्स दिल्ली' म्हणतात. एडविन लुटियन्स हा इंग्रज स्थापत्यकार. 1911 मध्ये राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला न्यायचे ठरल्यावर नव्या दिल्लीची आखणी ज्यांनी केली त्यांत तो प्रमुख होता, आणि 1931 मध्ये त्या राजधानीचे उद्घाटन झाले. इंग्रज गेले, बंगले राहिले आणि त्या बंगल्यांबरोबर आतल्या माणसांचे नावही राहिले. मुंबईत 'सहावा मजला' म्हटले की राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला समजते. मंत्रालयात मुख्यमंत्र्यांचे कार्यालय त्या मजल्यावर आहे. म्हणजे आपल्या राज्यात वर्तुळाला जिनाही आहे.

परंतु वर्तुळ ही कल्पना आपल्याला परक्यांकडून घ्यावी लागलेली नाही, हे माझे मुख्य म्हणणे आहे. आपली भाषाच वर्तुळांनी भरलेली आहे. मंत्रिमंडळ, विधिमंडळ, शिष्टमंडळ, महामंडळ: यांतला 'मंडळ' म्हणजे गोल. कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या सहाव्या अधिकरणात राजमंडलाचा विचार आहे. मध्ये विजिगीषु म्हणजे जिंकू इच्छिणारा राजा. त्याला लागून असलेला तो शत्रू, शत्रूच्या पलीकडचा तो मित्र, आणि अशा रीतीने बारा राजांचे मंडल होते. मला यात एक गोष्ट खटकली. या मंडलात राजे आहेत, पण त्या राज्यांत नांगर धरणाऱ्याला त्या गोलात जागा कोठे? अर्थात कौटिल्याने प्रजेच्या सुखाविषयी अन्यत्र पुष्कळ लिहिले आहे. तो दोष त्याच्या माथी मारण्याचा माझा अधिकार नाही. वर्तुळ आखले की मध्यबिंदूवर जो असतो तोच मोजमाप करतो, एवढेच म्हणायचे आहे.

आणि आमच्या ओळखीचे सर्वांत लहान सरकारी वर्तुळ म्हणजे महसूल मंडळ. तलाठ्याच्या वर मंडळ अधिकारी. गावात त्याला कोणी मंडळ अधिकारी म्हणत नाही, 'सर्कल' म्हणतात. "सर्कल आले का?" असे माणसे विचारतात. वडिलांच्या प्रश्नाचे एक उत्तर येथेच आहे, पण ते मला फार उशिरा सुचले.

मराठी राजकारणात दुसरा गोल आहे तो रिंगणाचा. निवडणुकीच्या रिंगणात उतरतात, रिंगणातून माघार घेतात. रिंगण आपल्याला वारीतही दिसते. मोकळ्या मैदानावर वारकरी गोल उभे राहतात, मधून घोडा धावतो, आणि धावून झाले की सर्व जण आत धावून त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. रिंगण असे मोडण्यासाठीच असते. निवडणुकीच्या रिंगणाचे तसे होत नाही. जो जिंकतो तो रिंगणातून वर्तुळात जातो. वर्तमानपत्रवाल्यांनी हे दोन शब्द किती बरोबर वापरले आहेत पाहा! मतदानाच्या आधी रिंगण, मतमोजणीच्या नंतर वर्तुळ. रिंगणाभोवती आपण उभे असतो. वर्तुळाभोवती पोलीस उभे असतात.

आणि तिसरा शब्द गावकूस. पांढरी म्हणजे वस्तीची जागा, काळी म्हणजे शेते, त्यापलीकडे शीव. आणि पांढरीभोवतीची भिंत ते गावकूस. तिला वेस असे. आज माझ्या पाहण्यात कुठल्याही गावाला अशी भिंत शिल्लक नाही, पण 'गावकुसाबाहेरचा' हा शब्द शिल्लक आहे आणि त्याचा अर्थ मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. कोणाची घरे आत आणि कोणाची बाहेर, कोणी गावाचे मेलेले ढोर ओढायचे आणि तरी वेशीच्या आत पाणी भरायचे नाही, हे त्या एका शब्दात साठलेले आहे. दलित लेखकांनी तो शब्द साहित्यात आणला तेव्हा आतल्यांना धक्का बसला. बाहेरच्यांना बसला नाही. व्हिएन्नाने तट पाडून रस्ता केला. आपण कूस पाडले आणि जागा मात्र तशाच ठेवल्या. आमची वस्तीही गावाच्या कडेलाच आहे. आता तिला नगर असे नाव आहे.

आता आतल्या-बाहेरच्याचा हा विचार आपल्या जिल्ह्याला लावून पाहू. पूर्वी आपण पश्चिम खानदेशात होतो, नंतर धुळे जिल्ह्यात. कोणताही कागद धुळ्याला. 1 जुलै 1998 रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला आणि जिल्ह्याची कचेरी जवळ आली. ही मोठीच सोय झाली, यात शंका नाही. पण मुंबई जेथे होती तेथेच आहे, चारशे किलोमीटरच्या पलीकडे. सुरत आम्हांला तिच्यापेक्षा खूप जवळ आहे.

वर्तुळाच्या आतून कधीकधी कोणी बाहेर येतेही. 29 सप्टेंबर 2010 रोजी शहादा तालुक्यातील टेंभली या गावी पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग व श्रीमती सोनिया गांधी आल्या आणि देशातील पहिले आधार क्रमांक तेथे दिले गेले. एक दिवस दिल्ली टेंभलीला आली. आज आधार क्रमांकाशिवाय रेशनच्या दुकानापासून महाविद्यालयाच्या प्रवेश अर्जापर्यंत काही हलत नाही, आणि त्याचा आरंभ आपल्या मातीत झाला, याचा अभिमान वाटतो. मात्र आपण कोण आहोत हे आतल्यांना कळावे म्हणून तो क्रमांक आहे. आत कोण बसले आहे, हे आम्हांला कळावे असा क्रमांक अजून निघालेला नाही.

याच्या उलट अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेलीचे. नर्मदेच्या पाण्याचा निवाडा 1979 मध्ये लवादाने दिला. चौदा वर्षांनी, 1993 मध्ये, सरदार सरोवराचे पाणी मणिबेलीत शिरले. महाराष्ट्रातील 33 गावे त्या बुडिताखाली येणारी, सगळी आपल्या जिल्ह्यातील. निवाडा देणाऱ्यांपुढे राज्यांची बाजू मांडायला मोठे वकील होते. गावे तेथे नव्हती.

याहून जवळची गोष्ट विखरणची आहे. रनाळ्याहून दोंडाईचा ओलांडले की विखरण फार लांब नाही. तेथील धर्मा पाटील हे ऐंशी ओलांडलेले शेतकरी. त्यांची पाच एकर जमीन वीजप्रकल्पासाठी गेली आणि मोबदला मिळाला सुमारे चार लाख रुपये. शेजारच्या जमिनींना याहून पुष्कळ अधिक मिळाले, आपल्यावर अन्याय झाला, असे त्यांचे म्हणणे होते. ते म्हणणे घेऊन ते कचेऱ्यांतून फिरले आणि अखेर मंत्रालयापर्यंत गेले. 22 जानेवारी 2018 रोजी त्यांनी मंत्रालयात विष घेतले आणि 28 जानेवारीला ते वारले. मी तेव्हा लहान होते. पण वडिलांच्या मालकाच्या ओट्यावर आठ दिवस दुसरा विषय नव्हता, हे मला आठवते. वडील एवढेच म्हणाले होते, "तठे आपले कोन इचारस?"

पुढच्या महिन्यात मंत्रालयाच्या आत, मधल्या मोकळ्या चौकात, जाळी बांधली गेली. वरच्या मजल्यावरून कोणी उडी मारू नये म्हणून. जाळी बांधणे चूक होते असे मी म्हणणार नाही. जीव वाचतो तो वाचलाच पाहिजे. परंतु विखरणचा प्रश्न पाच एकरांचा होता. तो विखरणहून निघून तलाठी, सर्कल, तालुका, जिल्हा अशी वर्तुळे ओलांडत शेवटच्या वर्तुळात पोहोचला, तेव्हा त्याला तेथल्या कामांत दिसेल असे पहिले उत्तर मिळाले ते दोऱ्यांचे.

याच वर्षी मार्च महिन्यात शेतकऱ्यांनी वर्तुळात जाण्याचा दुसरा मार्ग दाखवला. 6 मार्च 2018 रोजी किसान सभेचा मोर्चा नाशिकहून पायी निघाला. त्यात आदिवासी बायामाणसे फार होती. कसत असलेल्या वनजमिनी नावावर व्हाव्यात ही त्यांची मोठी मागणी. वनहक्काचा कायदा तर 2006 सालचाच होता! सुमारे 180 किलोमीटर चालून ते 11 तारखेला मुंबईत शिरले आणि शीवच्या मैदानावर थांबले. दुसऱ्या दिवशी दहावीची परीक्षा होती. सकाळी मोर्चा निघाला तर मुलांच्या गाड्या अडतील, म्हणून फोड आलेल्या पायांनी ही माणसे रात्रीच उठली आणि उजाडण्यापूर्वी आझाद मैदानावर जाऊन बसली. बाहेरच्यांनी आतल्यांची केलेली ही काळजी. त्या दिवशी सरकारने लेखी आश्वासन दिले. 2019 आणि 2023 मध्ये मात्र पुन्हा मोर्चे निघाले, यावरून त्या आश्वासनाचे काय झाले ते समजावे.

दिल्लीतही 2020-21 मध्ये शेतकरी वर्षभर राजधानीच्या सीमांवर, सिंघू, टिकरी, गाझीपूर येथे बसले होते. 26 जानेवारी 2021 ला त्यांच्या संघटनांनी ट्रॅक्टरचे संचलन काढायचे ठरवले आणि त्यासाठी मागितला तो आउटर रिंगरोड. मला वाटते, ही मागणी करणाऱ्याला वर्तुळाचा अर्थ पुरता कळला होता. पोलिसांशी बोलणी होऊन दुसरे मार्ग ठरले. त्या दिवशी काही जण ते सोडून लाल किल्ल्यापर्यंत गेले आणि गोंधळ झाला, ते सर्वांना ठाऊक आहे. ते तीन कायदे त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मागे घेतले गेले.

येथवर सारे दुसऱ्यांचे झाले. आता स्वतःविषयी थोडे लिहिते, नाहीतर लेख खोटा होईल.

गेल्या वर्षी शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी मला वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला हवा होता. मुदत जवळ आली होती. एका कचेरीत गेलो तर सांगितले, अमक्याचा अहवाल आणा. तेथे गेलो तर अहवाल आहे पण शिक्का नाही. शिक्का घेऊन गेलो तर सर्व्हर बंद. चौथ्या दिवशी पहिल्याच टेबलावर पुन्हा उभे होतो. याला आमच्याकडे हेलपाटे म्हणतात. नकाशावर काढले तर तो उत्तम रिंगरोड होईल. शहराच्या बाहेरून फिरवणारा, आत न नेणारा. वडिलांचे चार खाडे झाले. सालदाराचा खाडा म्हणजे काय, हे ज्याच्या घरी सालदार आहे त्यालाच कळेल.

पाचव्या दिवशी मी एकटीच गेले. रांगेत माझ्यामागे पाड्यावरची एक म्हातारी होती, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद, आणि ती भिलीत काहीतरी विचारत होती ते खिडकीतल्या माणसाला समजत नव्हते. इतक्यात आमच्या गावाकडचे एक गृहस्थ तेथे दिसले. तालुक्याच्या राजकारणात त्यांची ऊठबस आहे. त्यांनी मला ओळखले, "कॉलेजला जातेस ना?" असे विचारले आणि आत एक शब्द टाकला. दहा मिनिटांत दाखला माझ्या हातात होता.

त्या वेळी मला फार आनंद झाला, हे कबूल करते. मी त्यांचे आभार मानले आणि बस पकडायला धावले. म्हातारीला काय हवे होते ते विचारले नाही. भिली मला थोडी समजते. बसमध्ये बसल्यावर मला ते आठवले. पण तेव्हा बस सुटली होती.

त्या रात्री वडिलांना दाखला दाखवला आणि राजकीय वर्तुळ कोठे आहे ते सांगितले: त्या कचेरीच्या खिडकीपासून आत सुरू होते. त्यांनी दाखला हातात घेऊन दिव्याजवळ धरला व खालची तारीख कोणती ते विचारले. दाखल्याची मुदत 31 मार्चला संपते. एप्रिलमध्ये नवा काढावा लागेल.

कु. —, द्वितीय वर्ष कला